चेतापेशींचा रासायनिक सांगावा : प्रस्तावना

एका चेतापेशीचे टोक आणि तिच्या शेजारणीचे अंग यांच्यामध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. माणसाच्या केसाची जाडी या फटीच्या काही हजार पट भरेल. पेशीच्या लांब अक्षतंतूतून विद्युत्स्पंद धावत येतो. मेदाचे आवरण असलेल्या जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या घरात जातो. फटीपाशी आल्यावर हा स्पंद संपतो. तिथे, टोकाच्या आतल्या बाजूला, रेणूंनी भरलेल्या अतिसूक्ष्म पुटिका दाटीने उभ्या असतात. स्पंद पोचताच पेशीत कॅल्शियमचे आयन शिरतात, काही पुटिका पेशीपटलाशी एकरूप होऊन उघडतात आणि त्यांतले रेणू फटीत सांडतात. पलीकडच्या पेशीवर त्यांना ओळखणारी प्रथिने असतात. रेणू त्यांना चिकटले की त्या पेशीत नवा विद्युत बदल सुरू होतो. विजेतून रसायन आणि रसायनातून पुन्हा वीज, हे रूपांतर वेगवान जोडण्यांत एक-दोन मिलिसेकंदांत उरकते. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांतली एकेक पेशी इतर शेकडो-हजारो पेशींशी अशा फटींतून बोलते. तव्याचा चटका बसताच मागे येणारा हात, झोप, भूक, भीती, लहानपणी पाठ केलेले पाढे, या सगळ्यांच्या मुळाशी हाच व्यवहार आहे.

या व्यवहारासाठी मराठीत एकच ठरलेली परिभाषा नाही. बोलण्यात 'मज्जातंतू' येतो, कोशांमध्ये 'तंत्रिका' भेटते, शाळेच्या पुस्तकांत 'चेता'. प्रस्तुत पुस्तकात 'चेतापेशी' हा शब्द घेतला आहे. दोन पेशींमधल्या जागेला 'संपर्कस्थान' म्हटले आहे. तो शब्द रुळलेला असल्याने ठेवला, मात्र तिथे प्रत्यक्ष स्पर्श नसतो हे वाचकाने ध्यानात ठेवायला हवे. फटीत सांडणाऱ्या रेणूंना 'चेतापारेषक' असा शब्द आहे. वाचनाच्या ओघात तो जड होतो, म्हणून बहुतेक ठिकाणी 'रासायनिक दूत' किंवा नुसते 'दूत' असे म्हटले आहे. दूताला ओळखणारे प्रथिन म्हणजे 'ग्राही'.

या सगळ्या शब्दांत ग्राही सर्वांत महत्त्वाचा. दूताच्या अंगावर कोणताही हुकूम लिहिलेला नसतो. तो ज्या ग्राहीपाशी पोचतो, तिथे त्याचा अर्थ ठरतो. ॲसिटिलकोलीन हा एकच रेणू हातापायांच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतो आणि हृदयाचा ठोका मंद करतो. रेणू तोच, ग्राही वेगळे. ही साधी गोष्ट उमगायला विज्ञानाला जवळपास शंभर वर्षे लागली आणि लोकांच्या बोलण्यात ती अजूनही पुरती उतरलेली नाही.

सुरुवात झाली ती चेतापेशी मुळात सुट्या आहेत का, या प्रश्नापासून. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची रीत शोधली. तिच्यामुळे मोजक्याच पेशी काळ्याभोर होऊन आपल्या सर्व फांद्यांसह दिसू लागल्या. गोल्जी यांना त्यात एकसंध जाळे दिसले. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी त्याच रीतीने काम केले आणि त्यांना सुट्या पेशी दिसल्या. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले, तेव्हा गोल्जी यांनी आपल्या भाषणात काहाल यांच्या मताविरुद्धच बाजू मांडली. निर्णय पुढे काहाल यांच्या बाजूने लागला. दरम्यान १८९७ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी दोन पेशींमधल्या सांध्याला 'सिनॅप्स' हे नाव दिले होते. पेशी सुट्या असतील तर त्यांच्यामधून सांगावा कसा जातो, हा पुढचा प्रश्न मग टाळता येण्यासारखा नव्हता.

याचे धागेदोरे औषधांच्या अभ्यासातून येत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला क्लोद बर्नार यांनी दक्षिण अमेरिकेतील कुरारी या बाणविषावर प्रयोग केले. विष भिनलेल्या बेडकाची चेता शाबूत होती, स्नायूही थेट विजेने आकसत होता. फक्त एकीकडून दुसरीकडे काही पोचत नव्हते. म्हणजे विषाचा घाव सांध्यावर होता. केंब्रिजमध्ये थॉमस इलियट यांनी १९०४ मध्ये सुचवले की चेतेच्या टोकाशी ॲड्रेनॅलिनसारखे द्रव्य सुटत असावे. तिथेच जॉन लँगली यांनी पुढच्या वर्षी स्नायूत 'ग्रहण करणारे द्रव्य' असले पाहिजे असे मांडले. निकोटिन आणि कुरारी त्या एकाच द्रव्यासाठी झगडतात, असा त्यांचा तर्क होता. आजच्या ग्राहीच्या कल्पनेचा उगम तो. लँगली यांचे नाव सामान्य वाचकाला क्वचितच ठाऊक असते. या पुस्तकात त्यांना मोठी जागा मिळाली आहे आणि ते योग्यच आहे.

प्रत्यक्ष पुरावा आला तो ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरातून. ओटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. एकाची व्हेगस चेता जोडलेली होती, दुसऱ्याच्या चेता काढून टाकलेल्या होत्या. पहिल्या हृदयाची व्हेगस उत्तेजित करताच त्याचा ठोका मंदावला. मग त्या हृदयातले क्षारद्रावण दुसऱ्यात घातले, तर तेही मंदावले. चेतेचा संबंध नसताना तिचा परिणाम द्रावणातून पोचला होता. लोवी यांनी हा प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो आपल्याला स्वप्नात सुचला, असे पुढे सांगितले. अनेकांना तो जमेना. बेडकाची जात, ऋतू, तापमान, सगळ्यांनी त्यात अडथळे आणले. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत लोवी यांनी तो सर्वांसमोर करून दाखवला. लंडनमध्ये हेन्री डेल यांनी ॲसिटिलकोलीनचे गुणधर्म १९१४ पासूनच तपासले होते. १९२९ मध्ये त्यांनी आणि हॅरॉल्ड डडली यांनी ते घोड्याच्या व बैलाच्या प्लीहेतून वेगळे केले. लोवींचा 'व्हेगस-पदार्थ' म्हणजे ॲसिटिलकोलीनच, हे यथावकाश स्पष्ट झाले. १९३६ चे नोबेल दोघांना मिळाले.

या शास्त्राच्या इतिहासात हद्दपारीचे एक प्रकरण आहे आणि ते गाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. विल्हेल्म फेल्डबर्ग यांना ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये बर्लिनच्या संस्थेतून काढून टाकण्यात आले. ते डेल यांच्या प्रयोगशाळेत आले ते एक तंत्र सोबत घेऊन. एसेरिन लावलेला जळूचा स्नायू ॲसिटिलकोलीनच्या अत्यल्प मात्रेनेही आकसतो. रसायनशास्त्राच्या कोणत्याही चाचणीला न सापडणारी मात्रा जळू ओळखत होती. याच तंत्राच्या बळावर डेल, फेल्डबर्ग आणि जर्मनी सोडून आलेल्या मार्टे फोग्ट यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की ऐच्छिक स्नायूंच्या चेताही ॲसिटिलकोलीन सोडतात. स्वतः लोवी यांना १९३८ मध्ये नाझींनी तुरुंगात टाकले आणि नोबेलची रक्कम त्यांच्या हवाली केल्यावरच देश सोडू दिला. बर्नार्ड काट्झ १९३५ मध्ये लाइपझिग सोडून लंडनला आले. एका देशाने माणसे हाकलली आणि त्यांच्याबरोबर एक अख्खे शास्त्र दुसरीकडे गेले.

१९३० ते १९५० या काळात दोन पक्ष आमनेसामने होते. औषधशास्त्रज्ञ म्हणत की सांगावा रसायनाचा आहे. विद्युत्-मापन करणारे म्हणत की रसायन इतके वेगवान असूच शकत नाही. हृदयात, आतड्यात असेल, मज्जारज्जूत नव्हे. दुसऱ्या पक्षाचे सर्वांत आग्रही प्रवक्ते ऑस्ट्रेलियाचे जॉन एक्लस. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपला सिद्धांत इतक्या नेमक्या शब्दांत मांडला की एकाच मोजमापाने तो खोटा ठरू शकेल. १९५१ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मज्जारज्जूतील पेशीच्या आत काचेचा सूक्ष्म विद्युदग्र घालून ते मोजमाप केले. उत्तर त्यांच्या सिद्धांताच्या नेमके उलट आले. एक्लस यांनी ते तसेच प्रसिद्ध केले आणि रासायनिक पक्षात दाखल झाले. वैज्ञानिक प्रामाणिकपणाची याहून स्पष्ट उदाहरणे थोडीच असतील. तरी पराभूत पक्ष सर्वस्वी चुकीचा नव्हता: दशकाच्या अखेरीस एडविन फर्शपन आणि डेव्हिड पॉटर यांना क्रेफिश या गोड्या पाण्यातील कवचधारी प्राण्यात थेट विजेने चालणारी संपर्कस्थाने सापडली. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही ती आहेत. फक्त रासायनिक जोडण्यांच्या मानाने संख्येने कमी.

काट्झ यांचे काम या क्षेत्राचा कणा आहे. पॉल फॅट यांच्यासह त्यांना दिसले की चेता शांत असतानाही स्नायूत अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे चिमुकले झटके अधूनमधून उमटत राहतात. पुढे होसे देल कास्तियो यांच्यासह १९५४ मध्ये त्यांनी दाखवले की चेतेच्या स्पंदाने होणारा मोठा बदल म्हणजे अशा चिमुकल्या झटक्यांची पूर्ण पट असते. दूत सुटा सुटा ओघळत नाही. तो पुड्या बांधल्यासारखा ठरावीक मापाने सुटतो. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चेतेच्या टोकाशी पुटिका दिसल्या. एका पुटिकेत ॲसिटिलकोलीनचे काही हजार रेणू मावतात. मापन आणि चित्र यांचा असा मेळ जीवशास्त्रात क्वचितच बसतो.

इथून पुढे कथेचा एक धागा मुंबईत येतो. सर्पगंधेचे मूळ भारतात पिढ्यान्‌पिढ्या निद्रानाश आणि वेडावर दिले जात असे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर वापर केला आणि १९४९ मध्ये निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. त्यानंतर जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले. रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचे साठे रिते होतात, हे काही वर्षांतच कळले. स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी अशा निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन बनते. तोवर डोपामिनला केवळ नॉरॲड्रेनॅलिनकडे जाणारी पायरी समजत. तो स्वतंत्र दूत आहे, असे कार्लसन यांनी मांडले. ऑस्ट्रियात ओलेह होर्निकिएविच यांना १९६० मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा तुटवडा आढळला आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी एल-डोपाच्या मोठ्या मात्रेने रुग्ण चालते केले. हेच एल-डोपा दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच मद्रासमध्ये खाजकुइलीच्या बियांतून, म्हणजे आयुर्वेदातल्या कवचबीजातून, वेगळे केले होते. त्या काळी त्याचा उपयोग कोणालाच माहीत नव्हता.

दूतांची यादी मग वाढतच गेली. मेंदूतील बहुतेक उत्तेजक जोडण्या ग्लुटामेट वापरतात, तर आवर घालणाऱ्या जोडण्या मुख्यतः गॅबा. १९७५ मध्ये ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूची स्वतःची अफूसदृश द्रव्ये, एन्केफॅलिने, वेगळी केली. नायट्रिक ऑक्साइडसारखा वायूही दूताचे काम करतो, हे त्याहून अनपेक्षित होते. आज शंभराहून अधिक दूत ज्ञात आहेत. ग्राहींची मात्र मुख्य दोनच घराणी. एक स्वतःच आयनांचे दार असते आणि मिलिसेकंदांत उघडते. दुसरे पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू करते आणि तिचा परिणाम सेकंदांपासून तासांपर्यंत टिकतो. पॉल ग्रीनगार्ड यांनी ही दुसरी, संथ वाट उलगडली. विचार-संप्रदायांचे आजचे मतभेद याच वाटेवर आहेत. काही संशोधक मेंदूकडे मुख्यतः जोडण्यांचे जाळे म्हणून पाहतात, तर काही म्हणतात की कित्येक दूत फटीबाहेर पाझरून आसपासच्या पेशींचा एकूण सूरच बदलतात. दोन्ही गोष्टी घडतात. वाद प्रमाणाचा आहे.

पुटिका उघडते कशी, याच्या उत्तरात मुंबईचा पुन्हा संबंध येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा पाया घालणारे ओबेद सिद्दिकी यांनी सीमूर बेंझर यांच्यासह १९७६ मध्ये तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांच्या चेतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 'कोमाटोज' नावाच्या माशीतील बिघडलेले जनुक पुढे ओळखले गेले, तेव्हा ते एनएसएफ या प्रथिनाचे निघाले. पुटिका पटलाशी जोडणाऱ्या प्रथिनांच्या गाठी सोडवून ती यंत्रणा पुन्हा वापरात आणणे हे त्याचे काम. जेम्स रॉथमन यांनी हे प्रथिन सस्तन प्राण्यांच्या पेशींत शोधले होते. पुटिकांच्या या यंत्रणेबद्दल रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्युडहोफ यांना २०१३ चे नोबेल मिळाले.

महाराष्ट्राच्या शेतशिवारात हे शास्त्र रोज अनुभवाला येते. नागाच्या विषातील द्रव्ये स्नायूवरील ॲसिटिलकोलीनचे ग्राही अडवतात. मण्यारीचे विष मुख्यतः चेतेच्या टोकावर घाव घालते, म्हणून नागदंशात काही वेळा उपयोगी पडणारे, ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखणारे निओस्टिग्मिन मण्यारीच्या दंशात फारसे चालत नाही. धोतऱ्याने बाहुल्या विस्फारतात आणि माणूस बरळू लागतो, कारण ॲसिटिलकोलीनचे दुसऱ्या प्रकारचे ग्राही बंद पडतात. लाल विंचवाच्या विषाने ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा लोंढा सुटतो आणि हृदय कोलमडते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांना प्राझोसिन देण्याचा उपचार रूढ केला. प्राझोसिन लोंढा थांबवत नाही; ज्या ग्राहींवर तो आदळतो तेच झाकून ठेवते. त्या एका गोळीने कोकणातल्या असंख्य मुलांचे प्राण वाचले.

कीटकनाशकांचे प्रकरण अधिक गंभीर आहे. काम संपलेले ॲसिटिलकोलीन फोडून टाकणारे एक विकर फटीत असते. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके तेच निकामी करतात. दूत साचून राहतो; लाळ, घाम, आकुंचित बाहुल्या, दमछाक आणि अखेर श्वास बंद. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळी वापरलेली सगळी द्रव्ये एकाच वर्गातली नव्हती, पण मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेटे त्यांत होती. फवारणी करणाऱ्या माणसाला हातमोजे आणि मुखपट्टी का हवी, याचे उत्तर २० नॅनोमीटरच्या फटीत आहे. ते त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचवणे हे कोणत्याही कृषी-प्रशिक्षणाचे पहिले काम असायला हवे.

मनाच्या आजारांबाबत अडचण वेगळी आहे. १९५० च्या दशकात क्षयावरचे इप्रोनियाझिड रुग्णांची मनःस्थिती सुधारते असे दिसले, इमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध आले, आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवले की सुटलेला दूत चेतेचे टोक पुन्हा शोषून घेते व काही औषधे हे शोषण रोखतात. त्यातून 'नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता' असे सुटसुटीत सूत्र तयार झाले. पुरावा त्या सूत्राला पुरेसा आधार देत नाही. औषध काही तासांत दूताची पातळी बदलते, पण रुग्णाला उतार पडायला आठवडे लागतात. दरम्यान ग्राही, जनुके आणि जोडण्या स्वतःला नव्याने जुळवत असतात. ही औषधे अनेकांना निश्चित उपयोगी पडतात, मात्र ती रिकामे भांडे भरतात असे समजणे चूक आहे. डोपामिनचेही तसेच. त्याला 'सुखाचे रसायन' म्हणण्याची प्रथा पडली आहे. वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत डोपामिनच्या पेशी अपेक्षेहून अधिक बक्षीस मिळाल्यावर जोराने स्पंदल्या आणि अपेक्षित बक्षीस चुकले तेव्हा मंदावल्या. हा शिकण्याचा संकेत आहे. आणि तेच डोपामिन मेंदूच्या दुसऱ्या भागात हालचाल सुरळीत ठेवते.

प्रस्तुत पुस्तक बारावीपर्यंतचे विज्ञान शिकलेल्या वाचकासाठी लिहिले आहे. प्रयोगांची वर्णने त्यात सविस्तर आहेत आणि रासायनिक सूत्रे अगदी थोडी, कारण निष्कर्ष पाठ करण्यापेक्षा तो कसा हाती लागला हे समजणे अधिक टिकाऊ असते. दूतांची नावे क्रमाने घेऊन प्रत्येकाचे 'काम' सांगण्याची नेहमीची रीत जाणूनबुजून टाळली आहे. मांडणी ग्राहींच्या अंगाने जाते. सुरुवातीला हे थोडे अवघड वाटेल, पण पहिल्या दोन-तीन प्रकरणांनंतर औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर आणि वर्तमानपत्रातली बातमी, दोन्ही वेगळ्या नजरेने वाचता येतील. जाणीव, स्वभाव, इच्छाशक्ती यांचे अंतिम स्पष्टीकरण देण्याचा दावा हे पुस्तक करत नाही. आजचे शास्त्रही करत नाही.

एक विनंती. पुस्तकात अनेक चालू औषधांची चर्चा आहे आणि काहींच्या मर्यादाही दाखवल्या आहेत. ती वाचून कोणीही आपले किंवा घरातल्या माणसाचे औषध परस्पर बंद करू नये. महिनोन्‌महिने घेतलेल्या औषधाशी पेशींचे ग्राही जुळवून घेतात. ते अचानक थांबवले तर त्रास उलटतो. मात्रा कमी करायची असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळूच करावी.